तेराव्या महिन्याचं घर

ज्वारीची काढणी लागली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. वय तर झालंच, पण हे वयाचं नाही, ज्वारीचं आहे. इथं माजलगावात थोरल्याच्या घरामागं अजून थोडं रान शिल्लक आहे. परवा सकाळी तिथं बायका ओळीनं ज्वारी काढत होत्या, वाळल्या पानांची सळसळ चालली होती, आणि उपटलेल्या धसकटांचा, मातीचा तो कोरडा वास थेट खिडकीतून आत आला. मी हातातला चहा तसाच धरून विचार करत बसलो, आज तिथी कोणती आणि निजामाच्या सरकारी पंचांगातला, म्हणजे फसली, महिना कोणता. सूनबाई म्हणाली, "अण्णा, चहा गार झाला." मी तिला विचारलं, "फरवर्दी तीसचा की एकतीसचा?" तिनं जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तिचं काही चुकलं नाही.

मी तेव्हा विशीतला होतो आणि दिंद्रुडच्या शाळेवर नवाच मास्तर. राज्य निजामाचं. कागद उर्दूत, माणसं मराठीत, आणि मधे मी. बीडच्या मदरशात चार वर्षं उर्दू घोटली होती, म्हणून तालुक्याच्या कचेरीनं माझ्या गळ्यात मर्दुमशुमारी घातली. मर्दुमशुमारी म्हणजे माणसांची मोजणी, आता जिला जनगणना म्हणतात तीच. पण गावानं त्या शब्दातला 'मर्द' तेवढा ऐकला. चावडीपुढं दौंडी पिटली त्या दिवसापासून गावाची खात्रीच झाली की सरकार फक्त गडीमाणसं मोजणार. कुणी म्हणे लढाईवर न्यायला, कुणी म्हणे सडकेच्या कामाला. मी दारात उभा राहिलो की आतून आवाज यायचा, "घरात मर्द न्हाई मास्तर, म्होरं जावा." आणि ओसरीवर सासू, आत्या, चुलती अशा तीन म्हाताऱ्या धान्य निवडत बसलेल्या. "मग ह्या कोण?" म्हणून विचारलं तर तिघी एकमेकींकडं बघून हसायच्या. आपल्याला कुणी मोजायला येईल हे त्यांच्या मनातसुद्धा आलेलं नसायचं.

वयाचा तर सगळा गोंधळच. "आजी, वय किती?" "लिवा साठ." शेजारच्या घरी तिची थोरली बहीण. "आजी, तुमचं?" "साठच लिवा." एक आजोबा म्हणाले, मोठ्या दुष्काळात मी बैलं राखीत होतो. त्यांचा शेजारी म्हणाला, हा त्या दुष्काळात अंगावर पीत होता. दोघांची चांगलीच जुंपली. मी साठ लिहिलं आणि पुढं निघालो. साठ हा त्या गावात आकडा नव्हताच, 'आता पुरे, विचारू नका' असं सांगायची ती एक रीत होती. मला मेल्याला तेव्हा हे कळायचं नाही, मी चिडायचो.

आणि नात्याचा रकाना. घरधन्याशी ह्या माणसाचं नातं काय, असं त्या रकान्यात लिहायचं. एका घरी एक म्हातारी गोठ्याच्या पडवीत गोधडी शिवत बसली होती. मी विचारलं, ही कोण? आई? नाही. सासू? नाही. मावशी, आत्या? तेही नाही. घरधनी गोंधळला, त्याची बायको गोंधळली. शेवटी तो म्हणाला, "लिवा की मास्तर, हाय आपली." आता 'हाय आपली' याला उर्दूत काय लिहावं? मी टाक शाईत बुडवून कितीतरी वेळ बसलो होतो. मग 'नातलग' असं काहीतरी खरडलं. त्या मोसमात दारोदार फिरताना मला पहिल्यांदा दिसलं की गावात म्हातारी माणसं किती आहेत आणि ती नेमकी असतात कुठं. कुणी ओसरीच्या कोपऱ्यात, कुणी कणगीच्या आड, कुणी बैलांच्या शेजारी. म्हाताऱ्या बायका पुष्कळ, म्हातारे गडी थोडे, आणि दोघंही जिवंत असलेली जोडपी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यातलंच एक जोडपं मारुती आबा आणि सोनाई.

त्यांना दोन मुलगे. थोरला किसन गावात राहायचा, धाकटा ज्ञानू ओढ्यापलीकडं तेलगावच्या वाटेवरच्या मळ्यात. दोघांची वाटणी झाली तेव्हा रान वाटलं, बैलं वाटली, भांडी वाटली, आणि मग आईबाप राहिले. तेही वाटले. एकाकडं एक, दुसऱ्याकडं एक, आणि दर अमावस्येला अदलाबदल. या महिन्यात आबा किसनकडं असला तर सोनाई ज्ञानूकडं, पुढच्या महिन्यात उलट. कुणावर अन्याय नको म्हणून पंचांनीच ठरवून दिलेलं. एक गोष्ट मात्र वाटायची राहिली, ओढ्याकाठचं खळं आणि त्या खळ्यावरची खोप. खळं दोघांना लागायचं, म्हणून ते सामाईक ठेवलं.

दोन घरांत अंतर असेल अर्ध्या कोसाचं. मला वाटायचं, मग भेटत का नाहीत रोज? ते इतकं सोपं नव्हतं. एकदा आबा न राहवून मळ्यात गेला, तर जेवायची वेळ झालेली. धाकट्या सुनेनं ताट वाढलं, आणि संध्याकाळी दोन्ही घरांत धुसफूस. पाळी थोरल्याची आणि भाकर धाकट्याची, हे कसं? तेव्हापासून आबा तिकडं गेला नाही. सोनाईच्या डोळ्यात पडदा आलेला, तिला एकटीला वाट सुधरायची नाही. राहता राहिली अमावस्या. त्या दिवशी शाळेला सुट्टी असायची, मी ओढ्यावर धुणं घेऊन जायचो. ती दोघं दोन बाजूंनी यायची. त्याच्या काखेत गाठोडं, तिच्या डोक्यावर गाठोडं, तिचा हात नातवंडाच्या हातात. ओढ्यात मधोमध एक चपटा दगड होता, त्यावर दोघं बसायची. मला मेल्याला भारी उत्सुकता, महिन्यानं भेटलेली नवराबायको काय बोलत असतील. एकदा कान देऊन ऐकलं. आबा म्हणाला, "दात दुखायचा ऱ्हायला का?" ती म्हणाली, "पडला त्यो." मग दोघं उठली आणि एकमेकांच्या घरांकडं चालती झाली.

त्या वर्षी श्रावण दोन आले. अधिक महिना, आमच्याकडं म्हणतात तो धोंड्याचा महिना. घरोघर जावई जेवायला येत होते, पुरणाचे धोंडे तळले जात होते, आणि किसन-ज्ञानूची चावडीवर भांडणं लागली. खरी गोम वेगळीच होती. म्हातारीचा हात चालत होता. ती धान्य निवडायची, लेकरं सांभाळायची. म्हाताऱ्याचा नुसता खोकला चालत होता. ऐन पावसाळ्यात दमेकरी माणूस घरात कुणाला हवा असतो? ज्याच्याकडं सोनाई होती तो किसन म्हणाला, अधिक महिना धरायचा न्हाई, त्यात कुठलं कार्य होत न्हाई, तर अदलाबदल कशी व्हईल? ज्ञानू म्हणाला, अमावस्या आली म्हंजी महिना सरला, बदला माणसं. पंच डोकं खाजवत बसले. शेवटी त्यांच्यातला एक जण म्हणाला, हा महिना देवाचा, कुणाच्याच पाळीचा न्हाई. मग म्हातारा-म्हातारी ऱ्हातील खोपीत, आन दोघं भाऊ दाणे घाला.

म्हणजे पोरांना दोघांतलं कुणीच नको झालं, असा त्याचा अर्थ. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम खळ्याकडं गेलो. पाऊस भुरभुरत होता, खोप एका अंगानं गळत होती, आणि आत तीन दगडांवर चूल पेटलेली. सोनाई भाकरी थापत होती. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण हात बरोबर फिरत होते. आबा गळक्या जागी गाडगं ठेवून ते भरतं किती वेळात हे बघत बसला होता. मला म्हणाला, "या मास्तर, लई दिसांनी घर लागलं." मी सांत्वन करायला गेलेलो, आणि त्याच्याशेजारी बसून गाडगं बघायला लागलो. त्या महिन्यात तो खोकत नव्हता असं नाही. पण खोकला की आतून सोनाईचा आवाज यायचा, "पानी पे." एवढंच. महिना सरला, अधिकाची अमावस्या आली, आणि ती दोघं परत दोन दिशांना गेली.

मग दिवाळीनंतर मी गेरूचं डबडं घेऊन दारादारांवर नंबर टाकत फिरलो, माघात माणसं वहीत उतरवली, आणि फाल्गुनात ज्वारी काढायला आली तेव्हा मोजणीचा शेवटचा दिवस जवळ आला. आधीच्या नोंदी काळ्या शाईनं केलेल्या. शेवटच्या दिवशी परत दारोदार फिरून कोण मेलं, कोण आलं, कोण गेलं, ते तांबड्या शाईनं दुरुस्त करायचं. नियम असा की त्या दिवशी जो माणूस जिथं सापडेल तिथंच तो लिहायचा.

एका सकाळी आबा शाळेच्या पायरीवर येऊन बसला. मुलं बे एक बे ओरडत होती. तो म्हणाला, "मास्तर, खोपीवर नंबर न्हाई टाकला तुमी."

"तिथं राहतंय कोण आबा?"

"आमी ऱ्हातो की. धोंड्यात ऱ्हायलो न्हाई व्हय?"

मी त्याला समजावलं की घर म्हणजे काय ते सरकारनं ठरवून दिलंय. जिथं वेगळी चूल, ते वेगळं घर. त्यानं ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी त्या दिवशी तितं चूल पेटली, आन आमी दोघं तितं सापडलो, तर येका घरात लिवाल?"

"लिहावंच लागेल."

"आन सरकारनं येका घरात लिवलं, मग पोरायला ते तोडता येतं का?"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. अरे आबा, ही नुसती मोजणी आहे, हा हुकूम नव्हे, सरकारला तुझ्या भाकरीशी काही देणंघेणं नाही. पण तो माझ्याकडं असा बघत होता की माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हणालो, "सरकारी कागद आहे तो. कोण तोडणार?" हे खोटं होतं का? आज इतकी वर्षं मी विचार करतोय. सरकारी कागद होता, हे खरं. कुणी तोडणार नव्हतं, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टींचं मिळून खोटं कसं होतं, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही.

त्या दुपारी मी खोपीच्या मेढीवर गेरूनं नंबर टाकला. गावातला शेवटचा नंबर. आबानं बोट लावून बघितलं, पुसला जातो का.

आता राहिला दिवस. तालुक्याच्या हुकमात तारीख फसली महिन्याची होती, उर्दिबेहेस्तातली. गावाला उर्दिबेहेस्त काय माहीत? गावाला अमावस्या-पुनव माहीत. तेव्हा पंचांग पुढं घेऊन मी हिशेब केला, आधीचा फरवर्दी तीस दिवसांचा धरला, बोटं मोडली आणि आबाला सांगितलं, "मंगळवार." आबानं तो मंगळवार दोन्ही घरांतून कसा मिळवला ते त्याचं त्याला ठाऊक. ज्ञानूची बायको सहजासहजी ऐकणारी नव्हती. वाईट होती असं नाही. सकाळपासून ज्वारी उपटून तिच्या तळहातांची सालटी निघालेली असायची, घरी खाणारी तोंडं आठ, आणि सोनाई नसली की पाळण्यातलं लेकरू कुणाच्या जिवावर टाकायचं? ती म्हणाली, "येक दिस. येकच." किसन म्हणाला, सरकारी काम हाय म्हणता तर येक दिस जाऊ द्या.

मंगळवारी दिवेलागणीला मी खळ्यावर पोचलो. आजूबाजूला कणसांच्या राशी, खुडलेल्या कडब्याच्या पेंढ्या, आणि खोपीतून धूर. आबानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. सोनाईनं दारापुढं चार बोटांची रांगोळी ओढली होती, तीही वाकडीतिकडी, दिसत नाही म्हणून. मी वही उघडली. घरधनी, मारुती. वय, साठ. दुसरी ओळ, सोनाबाई. नातं, बायको. वय? आबा म्हणाला, "तिचं बी साठच लिवा. कमी कावून लिवायचं?" मी लिहिलं. आबानं विचारलं, "येकाखाली येक लिवलं का?" मी म्हणालो, "एकाखाली एक." त्यानं ती दोन ओळींची जागा मला बोट ठेवून दाखवायला लावली आणि बराच वेळ तिथं बघत राहिला. उर्दूच ती, उजवीकडून डावीकडं जाणारी, त्याला काय कळणार? मग सोनाईनं मला भाकर आणि ठेचा वाढला. त्या भाकरीची चव अजून तोंडात आहे, असं म्हणायला छान वाटतं, पण खरं म्हणजे आठवत नाही. आठवतो तो त्या दोघांचा गप्पपणा. रुसून बसल्याचा नव्हे, पोट भरल्यासारखा.

बुधवारी सकाळी मोजणी तपासायला तालुक्याचे गिरदावर साहेब तट्टावरून आले. चावडीत बसून माझी वही चाळली, तांबडी शाई बघितली आणि हसले. म्हणाले, "मास्तरसाब, फरवर्दी इकतीस का होता है." मी उभाच राहिलो. मोजणीचा दिवस काल नव्हता, आज होता. ते भले माणूस होते, ओरडले नाहीत. म्हणाले, आज परत सगळ्या घरांवर जा, काल आणि आज यात फरक पडला असेल तिथं दुरुस्त करा, बात खतम.

गावात फरक पडला होता एकाच घरी.

मी आधी खोपीवर गेलो. चुलीत राख होती, अजून थोडी कोमट. रांगोळी कोंबड्यांनी विस्कटली होती. मग गावात किसनकडं गेलो. आबा ओसरीवर बाजेवर पाय हलवत बसला होता, भलताच खुशीत. मी म्हणालो, "आबा, आजच्या दिवस परत खोपीत जाता का दोघं?"

"कावून?"

"असंच. म्हणजे बरं पडेल."

"काल लिवलं न्हवं तुमी? आता हुकूम यायचा तवा आमी कायमचेच जातो. येका दिसासाठी सूनबाईला कावून तरास द्यायचा?"

तीन शब्द बोलायचे होते. मी दिवस चुकलो. एवढंच. पण मी गावाचा मास्तर, उर्दू शिकलेला, त्या महिन्यात सगळं गाव मला हात जोडत होतं, आणि गावभर मीच मंगळवार सांगत फिरलेलो. मला आता स्वतःचा राग येतो. तेव्हा नुसती लाज वाटली, आणि लाजेपुढं माणसाला दुसरं काही दिसत नाही. मी वही उघडली आणि किसनच्या घराखाली एक ओळ वाढवली. मारुती, घरधन्याचा बाप. आबा म्हणाला, "हितं बी लिवता व्हय?" मी म्हणालो, "रीत असते." तो मान डोलवून म्हणाला, "लिवा, लिवा."

मळ्यात ज्ञानूकडं गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळी माणसं ज्वारीत. सोनाई एकटी अंगणात पाळण्याची दोरी ओढत होती. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो, ज्ञानूच्या घराखाली तिचं नाव घातलं, मग पान उलटून खोपीच्या दोन ओळींवर तांबड्या शाईनं काट मारली. टाक कागदावर करकरला. पाळण्याची दोरी थांबली.

"कालचं पुसता का मास्तर?"

मी म्हणालो, "नाही."

तिच्या डोळ्यात पडदा होता, पण तोंड बरोबर माझ्या वहीकडं वळलेलं. मग म्हणाली, "त्यायला सांगू नका." आणि दोरी परत ओढायला लागली.

तिथून माझा गोंधळ सुरू झाला तो आजतागायत. त्या क्षणापर्यंत ती माझी चूक होती. नंतर ती तिची आज्ञा झाली. मी आबाशी खोटं बोललो ते माझ्या लाजेपायी, की तिच्या सांगण्यावरून? नीट आठवायला गेलं की कधी एक वाटतं, कधी दुसरं.

उन्हाळा लागला. आता दर अमावस्येला आबा ओढ्यावरच्या दगडावरून उठला की आधी माझ्याकडं यायचा. "हुकूम?" मी म्हणायचो, "हैदराबाद लांब आहे आबा." त्यानं ते मनावर घेतलं. दर महिन्याला तो त्या हुकमाला थोडा थोडा पुढं आणायचा. "रेलगाडीत बसला आसंल." मग, "परभनीला उतरला आसंल. तितून गाडीबैलानं यायचा, लई खड्डे हायत त्या वाटंला." मग, "माजलगावच्या कचेरीत पडला आसंल. तितं माणसं आळशी." मी हो म्हणायचो. काय करणार? एकदा तर मीच म्हणालो, "कचेरीत पोचल्याचं कानावर आलंय." ते ऐकून तो इतका हसला की त्याला खोकला आला, आणि मला तोंड धुवायचं निमित्त करून पाण्याकडं जावं लागलं.

पावसाळ्यात तो गेला. मळ्यात, ज्ञानूच्या पाळीत. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. किसननं आईला पाठीवर घेतलं आणि ओढा ओलांडला, मी मागून तिचं गाठोडं घेऊन होतो. चपटा दगड पाण्याखाली गेलेला. ती म्हणाली, "दगड आला का?" किसनला कळलं नाही ती काय विचारतेय. मी म्हणालो, "आला, आता मागं पडला." मळ्यात पोचल्यावर ती त्याच्या उशाशी बसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कितीतरी वेळानं मला विचारलं, "त्यायला शेवटपतूर ठाऊक न्हवतं न्हवं?"

"नव्हतं."

"बरं झालं," ती म्हणाली. ते बरं झालं का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तो निजामाच्या राज्यात हुकमाची वाट बघत मेला, आणि त्या वहीत तो एका ओसरीवर आणि ती दुसऱ्या अंगणात. कधी मी स्वतःला समजावतो, काट मारलेलं नाव काही नाहीसं होत नाही, तांबड्या रेघेखाली ते वाचता येतंच. मग वाटतं, वाचणार कोण?

आता मी सत्तरीत. आमचं काही वाटपबिटप झालेलं नाही. धाकटा औरंगाबादला, त्याची बायको नोकरी करते, मूल लहान, म्हणून आमची ही दोन वर्षं तिकडं असते. तिकडं खोल्या दोन, म्हणून मी इकडं थोरल्याकडं. कुणी भांडलं नाही, कुणी काही ठरवलं नाही, सगळी पोरं-सुना चांगली. कुणावर चिडावं तर तशी सोयच नाही. हिचं पत्र येतं. त्यात नातवाचं असतं, दुधाचं असतं, आणि शेवटी एक ओळ, गुडघ्याला तेल लावता का. मी उत्तर लिहितो, लावतो.

परवा सूनबाईनं कपाळाला हात लावून बघितला, त्याच दुपारी जनगणनेची मुलगी आली. शाळेत शिकवते म्हणाली. मांडीवर कागदांचा गठ्ठा, हातात बॉलपेन, उन्हानं लाल झालेली. मी पाणी दिलं. तिनं विचारलं, "आजोबा, वय?" मी म्हणालो, "सत्तर लिहा." "नक्की?" म्हणाली. मला हसूच आलं.

"लग्न झालेलं?"

"हो."

"आजी?"

"लिहा की. माझ्याखालीच लिहा."

तिनं घरात इकडंतिकडं बघितलं. दोरीवर एकही लुगडं नव्हतं. "त्या इथंच राहतात?"

मी म्हणालो, औरंगाबादला असते, नातू लहान आहे. ती म्हणाली, "मग त्यांना तिकडं लिहितील, आजोबा. एक माणूस दोन ठिकाणी नाही लिहिता येत." बरोबर होतं तिचं. तो नियम मीच तिच्या पन्नास वर्षं आधी पाळला होता. तरी मी म्हणालो, "एकाखाली एक लिहा हो. बघा जमलं तर." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली, कागदावर पेन थोडंसं हललं, आणि ती म्हणाली, "हो, लिहिलं आजोबा."

तो आवाज मात्र मी लगेच ओळखला. चष्मा सदऱ्याच्या खिशात होता. मी तो काढला नाही.